तिथीचा रकाना

ज्या दिवशी पिंजरे लावायचे असत त्या सकाळी बाळूभाऊ चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "रत्ना, आज काय गं?" रत्नावहिनी पोळी तव्यावर तशीच ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायच्या आणि सांगायच्या, भाद्रपद शुद्ध एकादशी, नाहीतर आश्विन वद्य पंचमी, जे असेल ते. भाऊ ते तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवायचे, कप मोरीत ठेवायचे आणि सायकल काढायचे. सात वर्षं हे असंच चाललं. आता तीच गोष्ट वहिनींना खाते, कारण जे झालं ते त्यांच्याच तोंडून गेलेलं आहे.

कॅलेंडर नागपूरहून यायचं. वहिनींचा भाऊ दरवर्षी पोस्टाने पाठवायचा. भोपाळमध्ये कॅलेंडरं नाही मिळत असं नाही, जवाहर चौकात तर दुकानदार फुकट वाटतात, पण ती हिंदी. वहिनींना ती चालायची नाहीत. त्यात सण बरोबर असतात पण महिन्यांची गडबड असते, असं त्या लग्न होऊन भोपाळला आल्यापासून म्हणायच्या. गडबड म्हणजे नेमकी काय ते त्यांनी कधी कुणाला समजावलं नाही. कोणी विचारलंही नाही.

बाळूभाऊंचे वडील छप्पन साली नागपूरहून आले. ऑफिसं इकडे हलली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर शिपाईही हलले, त्यातले ते एक. भाऊ जन्मले इथेच, टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये. शिकले सातवीपर्यंत, तेही मराठी शाळेत. मग एका वर्कशॉपात लागले, मोठ्या कारखान्याला नट-बोल्ट पुरवायचं ते वर्कशॉप. ते बंद पडलं. मग गार्डची नोकरी, मग काहीच नाही, आणि मग पन्नाशीत कोणाच्या तरी ओळखीने एका संस्थेत ठेक्यावर लागले. जनावरांपासून माणसाला रोग कसे होतात ते तिथे बघतात. कागदावर भाऊंचं पद फील्ड असिस्टंट होतं. ते राहायचे त्या सोनागिरीत सगळे त्यांना चूहेवाले अंकल म्हणायचे.

लोक मजा घ्यायचे. शेजारचा जैस्वाल रोज गेटवर उभा राहून म्हणायचा, अंकल, हमारे वाले को भी ले जाओ, तीन साल से रह रहा है और किराया नहीं देता. भाऊ सायकल न थांबवता म्हणायचे, ले जाऊँगा, पहले आपका नंबर आने दो.

काम असं होतं. कारखान्याच्या वसाहतीमागे जो नाला आहे तिथे, आणि आनंद नगरच्या मागच्या मोकळ्या गवतात, संध्याकाळी चाळीस पिंजरे लावायचे. आत शेंगदाणे आणि गूळ कुटून केलेली गोळी. ती वहिनी करून द्यायच्या. सकाळी जाऊन बघायचं, जो उंदीर सापडला त्याला औषध हुंगवून झोपवायचं आणि बारीक फणीने त्याचे कान विंचरायचे. कानातून लाल रवा पडावा तसे किडे पडतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे. ते पांढऱ्या कागदावर मोजायचे, उंदराच्या कानात नंबराचा बिल्ला लावायचा आणि त्याला सोडून द्यायचं. तोच किडा गवतात माणसाला चावला तर स्क्रब टायफस होतो. ताप येतो, आणि चावल्या जागी काळी खपली धरते, सिगरेटचा चटका दिल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे माणूस बघतच नाही. भाऊंनी हे घरात इतक्यांदा सांगितलेलं की वहिनींना तोंडपाठ झालं होतं.

मोजलेलं सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. रजिस्टर छापील, हिंदीत. पहिला रकाना जागेचा, दुसऱ्यावर लिहिलेलं 'तिथि', मग पिंजरे किती, उंदीर किती, किडे किती.

आता हिंदीवाल्याला तिथि म्हणजे तारीख. शाळेच्या दाखल्यावरसुद्धा जन्मतिथि लिहितात आणि खाली तारीख घालतात. पण भाऊ मराठी शाळेतले. तिथीच्या रकान्यात माणूस तिथी लिहिणार, दुसरं काय लिहिणार. त्यांना वाटलं संस्थावाल्यांना चंद्राचा हिशोब पाहिजे असेल, उंदीर अंधारातच तर फिरतात. आठवड्याला साधारण एकदा पिंजरे लावा असं सांगितलेलं, ते त्यांनी आपल्या सोयीने बसवलं. शुद्ध पंचमी, शुद्ध एकादशी, वद्य पंचमी, वद्य एकादशी. एकादशीला उपास असायचा. पोट रिकामं असलं की नाल्यात वाकायला बरं पडतं, म्हणायचे.

रजिस्टर भरलं की कपाटात जायचं आणि नवीन मिळायचं. पहिली चार वर्षं ती रजिस्टरं कोणी उघडून पाहिली नाहीत.

मग पुण्याहून कौस्तुभ सर आले. वय बत्तीस, चष्मा, बोलायला एकदम साधा पोरगा. त्यांनी कपाट उघडलं तर आत सोनं भरलेलं, असं ते स्वतः भाऊंना म्हणाले. एवढ्या वर्षांचा एकाच जागेचा हिशोब कोणाकडे नसतो. त्यांनी सोनल नावाच्या मुलीला, ती तिथे कंप्युटरवर डाटा भरायची, सगळी रजिस्टरं भरायला बसवलं. पुढची रजिस्टरंही मग तीच भरायची. सोनल भोपाळचीच, घरात हिंदी. तिला तिथ्या बघून हसू आलं, पण सरांनी सांगितलं, बुजुर्ग आदमी हैं, आपल्या पद्धतीने लिहिलंय, तू तारखा करून घे. सरांना स्वतःला तिथ्यांमधलं काही कळत नव्हतं. पुण्यात वाढले म्हणून काय झालं, सगळं शिक्षण इंग्रजीत. सोनलच्या मोबाईलवर हिंदी पंचांगाची साइट होती. महिना टाका, पक्ष टाका, तिथी टाका, तारीख हजर.

त्यातून सरांनी रेषा काढली. मॉडेल म्हणतात त्याला. घरी येऊन भाऊंनी वहिनींना ते वाट्या मांडून समजावलं होतं. ही वाटी पाऊस. पाऊस पडला की इतक्या दिवसांनी गवत, ही दुसरी. गवत वाढलं की उंदरांना पिल्लं. पिल्लं वाढली की किडे. आणि किड्यांच्या नंतर इतक्या दिवसांनी माणसाला ताप. एका वाटीतून दुसरीत किती आणि किती दिवसांनी सांडतं, त्याचं गणित. ते बसलं की पुढच्या वर्षी कोणत्या हप्त्यात ताप चढणार आणि कोणत्या हप्त्यात उतरणार ते आधीच सांगता येतं.

"आणि ते सगळं तुमच्या उंदरांवरून?" वहिनींनी विचारलं होतं.

"हाव. माझ्या उंदरांवरून आणि तुझ्या गोळ्यांवरून."

रेषेत एक खोड होती. तिला करवतीसारखे दात होते. पंधरा दिवस वर, पंधरा दिवस खाली. सरांनी पुष्कळ डोकं लावलं आणि शेवटी ठरवलं की हा चांदण्याचा परिणाम आहे, अंधाऱ्या पक्षात उंदीर वेगळा वागतो. दिल्लीला जाऊन त्यावर भाषणही देऊन आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ घरी हसले. "मला तर काही वेगळा वागताना दिसला नाही बाप्पा," म्हणाले, "पण मशीनला दिसला असेल." मग सरांनी दातांवरून इस्त्री फिरवली, रेषा गुळगुळीत केली आणि तिचा चार्ट छापून सगळ्या छोट्या दवाखान्यांत लागला. बारा महिने आडवे, त्यावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. लाल पट्टा जुलैच्या अखेरीला सुरू, नोव्हेंबरच्या मध्यात बंद. लाल असेतोवर तपासणीची किट दवाखान्यात ठेवायची, लाल संपला की उरलेली परत पाठवायची.

भाऊ वहिनींना मुद्दाम तो दाखवायला सोनागिरीजवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. बरं नाही म्हणून नव्हे, नुसता चार्ट बघायला. भिंतीजवळ उभे राहून लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं. "यावर माझं नाव नाही," म्हणाले, "पण हे माझं आहे." कंपाउंडरने विचारलं, नंबर लगाया क्या, तेव्हा दोघं बाहेर आले. जन्मात त्या माणसाचं काही भिंतीवर लागलेलं नव्हतं.

चार्ट लागल्यावरच्या तिसऱ्या वर्षी दिवाळी चांगली झाली. मुलगी वंदना इटारसीहून आली होती. दिवाळी झाली, कार्तिकातली मोठी एकादशी आली, भाऊंनी आनंद नगरच्या गवतात पिंजरे लावले. पाऊस लांबला होता म्हणून गवत अजून हिरवंच, कमरेएवढं. पुढच्या आठवड्यात वद्य चतुर्थीला त्यांना ताप भरला.

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्यांनी ताप असताना विचारलं, "रत्ना, आज काय गं?" वहिनींनी सांगितलं, आणि जाऊ नका असंही सांगितलं. ते गेले. पंचमी सोडली तर रेषेत भोक पडतं, म्हणाले.

चार दिवस पॅरासिटामॉल चाललं. जैस्वालने डेंगू म्हटलं, त्याच्या बायकोने पपईच्या पानांचा रस आणून दिला. पाचव्या दिवशी, अष्टमीला, वहिनी त्यांचं अंग पुसत होत्या. पायजम्याचा नाडा सैल केला, त्यांना कुशीवर वळवलं आणि कमरेच्या मागे, नाडा काचतो त्याच्या जरा खाली, काळी खपली. नखाएवढी. बाजूला लाल कडं.

वहिनींनी त्यांना शर्ट घातला, जैस्वालची रिक्षा बोलावली आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याने ताप बघितला, पोट दाबलं, खपली बघितली. वहिनींनी तुटक्या हिंदीत सांगितलं की हे गवतातल्या किड्याचं आहे, यांचं कामच ते आहे, तपासणी करा. डॉक्टर म्हणाला की किट तर आठ दिवसांपूर्वी परत गेलं. मग त्याने पेनाने भिंतीकडे दाखवलं.

"माताजी, इसका सीज़न जा चुका. देखिए, चार्ट लगा है. ये बेल्ट की रगड़ है."

"बेल्ट नहीं पहनते ये," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरने बाळूभाऊंकडे बघितलं. भाऊ बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेले, डोळे लाल. त्यांनीही चार्टकडे बघितलं. आणि जे बोलायला नको होतं ते बोलले.

"बरोबर बोलतात ते, रत्ना. नोव्हेंबरच्या मध्यात बंद होतं. मीच मोजलंय."

"मोजण्यात चूक नसते का होत?"

"सात वर्षं मोजलंय," भाऊ म्हणाले. आवाजात राग होता. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, त्यांनी वहिनींवर आवाज चढवला असेल तो तेवढाच.

वहिनींना पुढे वाटत राहिलं की तिथेच जमिनीवर बसायला पाहिजे होतं, ओरडायला पाहिजे होतं, कंपाउंडरची कॉलर धरायला पाहिजे होती. पण समोर नवराच सांगतोय की चार्ट खरा, आणि त्या चार्टवर त्याने बोट फिरवताना त्यांनी पाहिलेलं. टायफॉइडची औषधं घेऊन दोघं घरी आले.

दशमीला त्यांना दम लागायला लागला. एकादशीला डोळे पिवळे झाले आणि वंदना यायच्या आधी त्यांना मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खपली बघितल्या बघितल्या औषध सुरू केलं, तपासणीचा कागद नंतर आला. साधं औषध. कोणत्याही दुकानात मिळणारी कॅप्सूल असते त्याची, तीच सलाइनमधून दिली. बाई म्हणाल्या, तीन दिन पहले ले आतीं. वहिनी म्हणाल्या नाहीत की आणलं होतं. कोणाला सांगणार.

कार्तिक वद्य द्वादशीला दुपारी बाळूभाऊ गेले.

तेरावा झाला. वंदना पंधरा दिवस राहून परत गेली. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सोनल घरी आली. संस्थेने पाठवलं होतं, शेवटचं रजिस्टर भाऊंच्या घरी राहिलेलं, ते न्यायला. पोर चांगली, रडली. भाऊ तिच्यासाठी शेंगदाण्याच्या गोळ्या डब्यात न्यायचे, उंदरांच्या वेगळ्या आणि तिच्या वेगळ्या, असं तिने सांगितलं तेव्हा वहिनींना त्या दिवसांत पहिल्यांदा जरा हसू आलं.

तेवढ्यात समोरच्या इंदुमतीकाकू वाटीत प्रसाद घेऊन आल्या. महालक्ष्मीच्या गुरुवारचा. वहिनींनी यंदा पूजा केली नव्हती. सोनलने विचारलं, आंटी, आज क्या है. वहिनी म्हणाल्या, मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार.

सोनल म्हणाली, "अगहन तो खत्म हो गया आंटी. पूस लगे आठ-दस दिन हो गए. मम्मी ने बताया था."

"छे. आज मार्गशीर्ष वद्य आहे." वहिनींनी भिंतीकडे बोट केलं.

इंदुमतीकाकू, त्यांची हयात भोपाळात गेलेली, सहज म्हणाल्या की ह्यांचं असंच असतं गं, अगहन म्हणजे मार्गशीर्षच. आपला महिना अमावास्येला संपतो, ह्यांचा पौर्णिमेलाच संपतो. अंधारे पंधरा दिवस ते पुढच्या महिन्यात घालतात. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, ह्यांची भादोंमध्ये, दिवस तोच. एवढं बोलून काकू वाटी रिकामी करून मागायला लागल्या.

वहिनींनी वाटी रिकामी केली नाही. त्या उठल्या, कपाटातून रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि सोनलसमोर बसल्या. पानं उलटली. एका ओळीवर बोट ठेवलं. आश्विन वद्य एकादशी, उंदीर एकवीस, आणि बाजूला कोपऱ्यात भाऊंच्या अक्षरात: उद्या वसुबारस, कंदील आणणे.

"याची तारीख काढ," म्हणाल्या.

सोनलने मोबाईलवर महिना टाकला, पक्ष टाकला, तिथी टाकली. सप्टेंबरची तारीख आली. वहिनींनी विचारलं, त्या दिवशी काय होतं. सोनलने बघितलं. पितृपक्ष होता.

"पितृपक्षात दिवाळी येते का गं?"

सोनलला आधी कळलं नाही. मग कळलं. मग तिने मोबाईल पालथा ठेवला.

पक्ष शुद्ध असेल तिथे सगळं बरोबर. वद्य असेल तिथे प्रत्येक ओळ एक महिना मागे. सात वर्षांची. भाद्रपदातले उंदीर श्रावणात गेले, कार्तिकातले आश्विनात. आणि कार्तिक वद्याच्या जागी कोणते येऊन बसले, तर मार्गशीर्ष वद्यातले, थंडीने गारठलेले, ज्यांच्या कानात काही सापडत नाही. म्हणून लाल पट्टा नोव्हेंबरच्या मध्यात संपला.

वहिनींनी विचारलं की असं बाजूला लिहिलेलं आधीच्या रजिस्टरांतही असेल, ते तू वाचलं नाहीस? वसुबारस, कंदील?

सोनल रडत म्हणाली, "मराठी में था आंटी. और उसका कॉलम नहीं था."

दुसऱ्या दिवशी वहिनी कॅलेंडर भिंतीवरून काढून, पेपरात गुंडाळून, बसने संस्थेत गेल्या. गेटवर कोणाला भेटायचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ज्याने रेषा काढली त्याला.

कौस्तुभ सरांनी पाच मिनिटं ऐकलं. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, पाणी दिलं, सोनलला बोलावलं. वद्यातल्या सगळ्या तारखा पुढे ढकलायला वेळ लागला नाही. दहा मिनिटांत नवीन रेषा आली. दात गेले. चांदण्याचा परिणाम वगैरे काही उरला नाही. एकच चढ, एकच उतार, हाताने काढावी तशी. आणि उतार थेट डिसेंबरच्या पहिल्या हप्त्यापर्यंत.

सर म्हणाले, "किती सुंदर आलीये." आणि मग त्यांना समजलं की आपण कोणासमोर काय बोललो. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

वहिनींनी त्यांना एकच विचारलं, माणसं तर दवाखान्यात येतच असतील ना, नोव्हेंबरच्या शेवटी, ताप घेऊन. मग तुम्हाला ते दिसलं कसं नाही? सर म्हणाले की दवाखान्यांकडून आकडा शून्य यायचा. आम्हाला वाटायचं मॉडेल बरोबर निघालं. मग खाली बघत म्हणाले की किटच नव्हतं तर आकडा कुठून येणार.

म्हणजे चार्टमुळे तपासणी बंद, आणि तपासणी बंद म्हणून चार्ट खरा. असं तीन वर्षं. तीन वर्षांत त्या पंधरा दिवसांत किती जण टायफॉइड नाहीतर डेंगू म्हणून गेले असतील त्याची मोजणी कोणत्या रजिस्टरमध्ये नाही.

सरांनी शब्द दिला, सगळं दुरुस्त करतो. दोन महिन्यांनी फोन करून बोलावलं, एक कागद दाखवला. इंग्रजीत होता. नवीन रेषा वर, खाली बारीक अक्षरात एक ओळ. वहिनींनी विचारलं, खाली काय लिहिलंय. सर जरा अडखळले. मग वाचलं: आधीच्या आकड्यांत नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तारखांच्या चुकीमुळे फरक पडला होता, तो सुधारला आहे.

"चूक कोणाची?" वहिनी म्हणाल्या.

"काकू, ते तांत्रिक भाषेत असंच लिहितात. त्यात कोणाला दोष..."

"तुमच्या फॉर्मवर काय छापलंय?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"तिथि छापलंय. त्यांनी तिथी लिहिली. रोज मला विचारून लिहिली. एक दिवस खाडा नाही, एक तिथी चुकीची नाही. तुम्ही मराठी ना? तुमच्या आईला एक फोन केला असता तर तिने सांगितलं असतं."

सोनल दारात उभी होती. वहिनी तिला म्हणाल्या, मोबाईल काढ. कार्तिक टाक. वद्य टाक. द्वादशी टाक. कोणती तारीख आली? सोनलने अगदी हळू सांगितली. धनतेरस के एक दिन पहले.

"आपली वसुबारस," वहिनी सरांना म्हणाल्या. "तुमच्या मशीनच्या हिशोबाने माझा नवरा त्या दिवशी मेला. त्या दिवशी ते स्टुलावर चढून कंदील लावत होते आणि मी खालून स्टूल धरलं होतं. ही चूक कोणाची लिहाल?"

सरांनी ती ओळ काढतो म्हटलं. त्याच्या हिंदी प्रतीवरून काढलीही. इंग्रजीतल्या कागदाचं काय झालं ते वहिनींना वाचता येत नाही. वंदनाला पाठवला होता, तिने फोनवर म्हटलं, आई, आता जाऊ दे ना. त्यावरून वहिनी समजल्या.

आणि भिंतीवरचा चार्ट? तो छापील. सर म्हणाले होते की नवीन छपाईची फाइल वर गेली आहे. पुढची दिवाळी आली तरी फाइल वरच होती. कार्तिक वद्य पंचमीला वहिनी दवाखान्यात गेल्या. तोच कंपाउंडर, तोच बाक, तोच लाल पट्टा नोव्हेंबरच्या मध्यात तुटलेला. त्यांनी पिशवीतून लाल स्केचपेन काढला आणि पट्टा पुढे ओढायला लागल्या. कंपाउंडर धावत आला, अम्मा, सरकारी चीज़ है, क्या कर रही हो. वहिनींनी हात थांबवला नाही. डिसेंबरच्या पहिल्या हप्त्यापर्यंत पट्टा नेला, कडा सरळ केल्या, मग पेनाचं टोपण लावलं. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आला. त्याने वहिनींना ओळखलं. बाकावर तापाने फणफणलेला एक गवळी बसला होता, त्याच्याकडे एकदा बघितलं, चार्टकडे बघितलं, आणि आत जाऊन फोन लावला. किट मागत होता की वहिनींची तक्रार करत होता ते बाहेर ऐकू आलं नाही. वहिनी ऐकायला थांबल्या नाहीत.

तिथून त्या मंदिरात गेल्या, वर्षश्राद्धाचं ठरवायला. पंडितजी भोपाळचे. वही उघडून त्यांनी विचारलं, "माताजी, कौन सी तिथि?"

वहिनींच्या तोंडात कार्तिक आला होता. त्यांनी तो गिळला.

"अगहन बदी बारस," म्हणाल्या.

पंडितजींनी लिहून घेतलं आणि विचारलं, पक्की है ना.

"पक्की," वहिनी म्हणाल्या, आणि पंडितजींनी ती वहीत बरोबर लिहिली की नाही ते त्यांनी वाकून दोनदा वाचलं.